थोरल्या पेटीची खंडेनवमी

टिण्.

पंचपात्रीच्या काठाला पळी लागली आणि हरिश्चंद्रबुवा जागच्या जागी थिजले. घर गप्प होते. आतल्या खोलीत सून झोपली होती. ती उठू नये म्हणून बुवांनी पहाटेपासून जपून जपून कामे केली होती. दाराच्या कडीला फडके गुंडाळले होते, झांजांच्या मध्ये रुमाल घातला होता, मंत्र ओठांबाहेर येऊ दिला नव्हता. आणि शेवटी एवढ्याशा पळीने चुगली केली. त्यांनी कान दिला. आत कुणीतरी कूस बदलली, मग पुन्हा शांत. बुवांनी श्वास सोडला आणि पुढच्या पट्टीकडे वळले.

बावन्न पांढऱ्या पट्ट्या. प्रत्येकीवर करंगळीच्या टोकाने कुंकवाचा ठिपका, न पसरेल असा, कोरडा. काळ्या पट्ट्यांवर कुंकू दिसत नाही म्हणून त्यांना हळद. भजनी बुवाची बोटे ती. पासष्टीतही थरथरली नाहीत. डाव्या टोकापासून सुरुवात करून ते आता अगदी उजवीकडच्या, चिमणीसारख्या आवाजाच्या पट्ट्यांपर्यंत आले होते. झाकणावर झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना आंब्याचे टाळे. थोरली पेटी मुंडावळ्या बांधल्यासारखी दिसत होती.

पियानो हा शब्द बुवांच्या तोंडी बसला नव्हता. श्रावणात पणजीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून तो टेम्पोने शिरोड्याला आला तेव्हा आठ गडी लागले होते. बुवा अंगणात उभे राहून म्हणाले होते की सुनेच्या मागून आलेली ही दुसरी सून, आणि हिचे वजन पहिलीपेक्षा जास्त आहे. त्या दिवसापासून ती थोरली पेटी. बुवांची स्वतःची, हाताने भाता ओढायची, ती धाकटी.

त्यांच्या घरात खंडेनवमी म्हणजे खंडेनवमी. ज्याच्या जिवावर घर चालते ते सगळे त्या सकाळी ओळीने मांडायचे, पुजायचे, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावरच उचलायचे. मधल्या वेळात त्याला विश्रांती. कोयता पुजला की नारळ सोलायचा नाही. खोबरे आदल्या दिवशीच खवून ठेवायचे, विसरले तर आमटी बिनखोबऱ्याची, आणि कोकणातल्या घरात ह्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आज ओळीत धाकटी पेटी होती, पखवाज, झांजा, कोयता, खवणी, मुलाचा लॅपटॉप, दाराबाहेर त्याची मोटारसायकल, आणि बायकोचे लाल पेन. विमलाबाई शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी ते पेन दर नवमीला पाटावर येई.

बुवा खूश होते. उद्या अकरा वाजता भार्गवीची परीक्षा. मुंबईची नाटकवाली मंडळी फोनवरून तिचे गाणे ऐकणार, वाजवणे बघणार. आणि तेही दसऱ्याला. गणपतीत तिने तारीख सांगितली तेव्हाच बुवांनी बोटांवर घटस्थापनेपासून मोजले होते आणि दसरा येतो हे पाहून ते भजनाच्या पारावर चारचौघांना सांगून आले होते. ह्या वर्षी तृतीया दोन दिवस आहे, एवढे मोजताना निसटले.

ते हात जोडून मागे सरकले. नेमक्या त्याच वेळी आतून चालत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

भार्गवी दारात उभी राहिली आणि एकदम हसायला लागली. काय सुंदर दिसत होते ते सगळे. तिला वाटले, असेच बघत राहावे. मग तिच्या लक्षात आले की आपण काय बघतो आहोत. हसू ओठांवर तसेच राहिले, फक्त खालून पाय काढून घेतल्यासारखे.

"बुवा," ती म्हणाली, "परीक्षा आज आसा."

सासऱ्यांना बुवा आणि सासूला बाई. ती सात वर्षांची, त्यांच्या शाळेत असल्यापासून दोघांना हेच म्हणत आली होती. लग्नानंतर नात्यातल्या बायकांनी बाबा-आई म्हणायला शिकवून पाहिले, पण पहिल्याच दिवशी ती विमलाबाईंना आई म्हणाली तेव्हा दोघींनाही इतके हसू आले की तो बेत तिथेच संपला.

बुवांनी भिंतीवरचे कालनिर्णय बघितले. बोट ठेवून तारीख शोधली, खालची तिथी वाचली, वर गेले, पुन्हा खाली आले. दोन तृतीया सापडल्या. ते पाटावर बसले ते बसलेच.

"आणि गळ्याक काय लागलाहा तुझ्या?" विमलाबाई स्वयंपाकघरातून येत म्हणाल्या.

भार्गवीने आरशात बघितले. गळ्याच्या खड्ड्यात कुंकवाचा हा मोठा टिळा, वर तांदळाचे तीन दाणे चिकटलेले. तिने हात वर केले. दहाही नखांवर लाल ठिपके. एका अंगठ्यावर झेंडूची पाकळी.

ह्या बोटांना आजवर किती जणांनी ताब्यात घेतले होते. माहेरी कसालला तिच्या बाबांची पिठाची गिरण, गिरणीच्या घुमण्यात सूर मिळवून ती लहानपणी गायची. गिरण बंद झाली तरी हिचा सूर चालूच, म्हणून तिथल्या शाळेत संगीत शिकवणारे, तेव्हा कसाललाच बिऱ्हाड असलेले बुवा दळण टाकायला आले आणि दळण विसरून गेले. त्यांनी तिला पेटीवर बसवले. अकराव्या वर्षी डबलबारीत ती बुवांच्या मागे साथीला होती. दोन भजनी मंडळे समोरासमोर, एकाने गाऊन टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊनच फेडायचा. समोरच्या बुवाने ह्यांच्या पेटीमागे पेटीएवढेच चेडू बसवलेय म्हणून गजर केला. आपली बारी आली तेव्हा तिने त्याचीच चाल दोन स्वर वर उचलली आणि बुवांकडून तेवढ्या वर म्हणून घेतली. समोरच्यांना ती पुन्हा गाता येईना. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला होता.

मग कुडाळच्या राधाबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी पेटी बंद करायला लावली. पेटीत सूर तयार मिळतात, गळ्यात ते शिवून घ्यावे लागतात, म्हणाल्या, आणि वर्षभर एकच राग शिवून घेतला. मग कॉलेजसाठी पणजी, आणि तिथल्या मिस ब्रागांझा. त्या मनगटावर खडूचा तुकडा ठेवून पियानो वाजवायला लावत. खडू पडला की पहिल्यापासून. भार्गवीच्या ड्रेसवर त्या वर्षी कायम पांढरे पट्टे. राधाबाईंना पियानो म्हणजे फर्निचर वाटे आणि मिस ब्रागांझांना आलाप म्हणजे अपचन. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत हे भार्गवीचे नशीब. पुढे मुंबईत त्या दोघी तिच्या एकाच अंगात नांदू लागल्या: सकाळी नाट्यपदांची तालीम, दुपारी साबणाची जाहिरात चार भाषांत, संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत पियानो, रविवारी चर्चच्या गायकवृंदात. लोक विचारत, तू नक्की काय गातेस. तिला प्रश्न कळत नसे.

मग बुवांच्याच मुलाशी, केयूरशी लग्न, मग ओवी, मग टाळेबंदीत सगळे शिरोड्याला, आणि त्याला आता पाच वर्षे झाली. गावातली पोरे तिच्याकडे शिकायला येत. ती सुखात होती. म्हणूनच त्या नाटकाचे बोलावणे आले तेव्हा ती घाबरली. रंगमंचावर एक बाई अडीच तास पियानो वाजवत गाते, गाण्याबरोबर तिचे वय बदलत जाते, जात्यापासून क्लबापर्यंत. हे कुणीतरी आपल्यालाच समोर ठेवून लिहिले आहे असे तिला वाटले. शेवटी दोनच नावे उरली होती. दुसरी बाई मुंबईतच होती, तिची परीक्षा काल झाली. निवड झाली तर आठ महिने, दिवाळीनंतर लगेच. हवे आहे का, असे केयूरने विचारले तेव्हा ती म्हणाली होती, बघू. हवे होते. इतके, की रात्री झोपेत तिची बोटे चादरीवर चालत.

"ह्या कोणी केल्यान?" बुवांनी तिच्या नखांकडे बघत विचारले.

टेबलाखालून ओवी बाहेर आली. सहा वर्षांची, परकर-पोलक्यात, नाकाला कुंकू. "मी केलंय. आईची हत्यारां."

सगळे एकदमच फुटले. केयूर तर दाराची चौकट धरून हसत होता. विमलाबाईंना ठसका लागला. हसता हसता बुवांचा चेहरा उतरत गेला, मग विमलाबाईंचा, मग एकेकाचा. गळाही पुजला होता.

रसिका नवरात्रासाठी ठाण्याहून आली होती आणि येताना मनाशी काहीतरी ठरवून आली होती. केयूरची ती थोरली बहीण. आठ महिने आई नसलेल्या पोरीचे काय होते हे तिला शिरोड्यातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते असे तिचे मत होते, आणि ते तिने आल्यापासून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांना सांगून झाले होते. आईला वाटण वाटताना, भावाला समुद्रावर, बाबांना देवासमोर. भार्गवीला मात्र नाही. तिला ती नुसते म्हणे, तुझा निर्णय गो बाई, मी कोण.

त्यामुळे आता तिला आतून गुदगुल्या होत होत्या. देवानेच सांगितले, ह्यापुढे माणसाने काय बोलावे, असे तिने चहा गाळताना म्हणूनही टाकले.

घरात धांदल उडाली होती. केयूर फोनवर फोन लावत होता. शाळेतली पेटी पुजली होती. आरवलीच्या मंडळाची पुजली होती. गरब्याच्या मंडपात एक कीबोर्ड होता, त्याचा त्यांनी फोटो पाठवला, हार घातलेला, समोर नारळ. केयूरच्या लॅपटॉपवर स्वस्तिक होते, म्हणून परीक्षा मोबाइलवरून द्यायचे ठरले. मोबाइल रात्री त्याच्या उशीखाली राहिल्यामुळे देवाच्या तावडीतून सुटला होता.

विमलाबाई रागावल्या की मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरत. घरातल्यांना ती खूण पाठ होती. त्या शिरल्या. "पूजा कशाची करतात? वापरातल्या वस्तूची करतात. कपाटात ठेवलेल्या वस्तूची कुणी पूजा करत नाही. उत्तरपूजा आत्ता करा आणि मोकळे व्हा."

बुवांनी मान हलवली. नवमीला मांडलेले नवमीला उचलायचे नाही. एकदा उचलले होते, त्यांनीच. तिशीत होते, कणकवलीला मोठी डबलबारी लागली होती, वडील नको म्हणत असता धाकटी पेटी पाटावरून काढून घेऊन गेले. बारी जिंकली. दुसऱ्या दिवशी उठले तर घशातून हवा यायची, आवाज नाही. तीन महिने. तीन महिने ते शाळेत फळ्यावर स्वर लिहून शिकवत होते.

"माझो बसललो आवाज परत इलो," ते म्हणाले. "तिचो नाय इलो तर? ह्या चेडवाचो आवाज मी पिठाच्या गिरणीतसून काढून आणलंय. मी तेका धोको घालू?"

विमलाबाईंनी घड्याळाकडे बघितले. दहा वाजले होते.

रसिकाने चहाचे कप गोळा केले. जाता जाता तिने बघितले, भार्गवी पियानोपुढच्या स्टुलावर बसली होती. ती वाद घालत नव्हती, रडतही नव्हती. तळहात वर करून हात मांडीत ठेवले होते, लाल नखे कुठे लागू नयेत म्हणून. दुसऱ्याच्या घरी पाहुणे जाऊन बसावे तशी. बघत होती पट्ट्यांकडे. आणि तिच्या उजव्या हाताचे मधले बोट, तिच्या नकळत, हवेतच उठत होते आणि पडत होते.

रसिकाला एकदम आठवण झाली. ती नऊ वर्षांची होती, बाबा संध्याकाळी ह्या कसालच्या चिमुरडीला शिकवायचे आणि ती स्वतः पडवीत बसून गृहपाठ करायची. तिने एकदा पेटीला हात लावला तर बाबा म्हणाले, तुका दम नाय, तू अभ्यास कर. खरेच नव्हता दम. पण तीस वर्षे तिने ते कुणाला माफ केले नव्हते, बाबांना नाही, आणि ह्या मुलीला तर मुळीच नाही. आणि आता ती मुलगी हात मांडीत ठेवून बसली होती. तर ह्यासाठी झाले होते का ते सगळे?

तिने कप तसेच ओट्यावर आपटले.

"बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "तुमी माका पेटी शिकवलात नाय. हिका शिकवलात. आता जा शिकवलात ता वाजवूक तरी देवा."

केयूरने फोन कानापासून खाली घेतला. तो रात्रीपासून बहिणीला पटवण्याची भाषणे तयार करत होता. आता ती सगळी वाया गेली होती आणि तो फार आनंदात दिसत होता. विमलाबाई उठल्या आणि लेकीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बुवा एकटे पाटावर उरले.

ओवी पुन्हा टेबलाखाली होती. तिथून सगळ्यांचे पाय दिसत. आजीचे पाय आत्याच्या पायांजवळ गेले, बाबाचेही तिकडेच. आईचे पाय स्टुलावरून लोंबत होते.

पहाटे आजोबांनी तिला एकटीलाच उठवले होते, मदतीला. पुजलेली वस्तू जाग्यावरनं हलायची नाही, हे त्यांनीच सांगितले. कोयतो नाय, पखवाज नाय, बाबाची गाडी नाय. किती वेळ, ओवीने विचारले. देव हो म्हणेपर्यंत, आजोबा म्हणाले, मग ते पट्ट्या मोजण्यात गुंतले. ओवी थोडा वेळ वाटीतले कुंकू बघत बसली. मग वाटी घेऊन आईच्या अंथरुणाशी गेली. आई तोंड उघडे टाकून झोपली होती. गळ्याला आधी केले. मग बोटे. पायांचे राहिले, कारण पाय चादरीत होते आणि तेवढ्यात टिण् वाजले. पायांचे करायला हवे होते, असे तिला आता सारखे वाटत होते.

अकराला दहा कमी असताना केयूरने मोबाइल नारळाच्या दोन करवंट्यांच्या आधाराने खिडकीत उभा केला, जोडून बघतो म्हणाला, आणि जोडला. त्याच्या मते आवाज बंद होता.

बुवा उठले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून कमरेला गुंडाळला, एक नारळ उचलला, थोरल्या पेटीसमोर उभे राहिले आणि घसा साफ केला. सगळे आपोआप सरळ झाले. गाऱ्हाणे घालताना बुवांचा आवाज वेगळा लागे, देवाशी आणि कोर्टाशी एकदम बोलल्यासारखा.

"बा देवा वेतोबा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," विमलाबाई, रसिका, केयूर.

"आज तुझ्या लेकरान पंचांग बघूक चूक केल्यान म्हाराजा. दोन तृतीयेची एक केल्यान."

"व्हय म्हाराजा." रसिकाचा आवाज जरा जास्तच मोठा.

"तेच्या चुकीची शिक्षा सुनेक नको म्हाराजा. पुजलली थोरली पेटी ती आज उघडतली, पुजललो गळो ती आज गातली. जो काय दोष लागात तो तिका नको, पोरीक नको, माका लाव. माझो आवाज घेवचो तर घे म्हाराजा. मी पन्नास वर्सां वापरलंय तो, तसोय आता वरच्या सुरात फाटता."

ह्यावर व्हय म्हाराजा म्हणायला कुणाची जीभ वळेना. भार्गवी स्टुलावरून उठली. नको बुवा, असे म्हणणार, तेवढ्यात खिडकीतून, करवंट्यांमधून, स्पष्ट आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

सगळे वळले. मोबाइलच्या चौकोनात तीन माणसे बसली होती. मधल्या बाई, नाटकाच्या संगीतकार शर्मिला, डोळे पुसत होत्या. हसण्याने की कशाने ते कळायला मार्ग नव्हता. "माफ करा," त्या म्हणाल्या. "माझी आई कणकवलीकडची, नांदगावची. तोंडातून आपोआप गेलं. आम्ही मघापासून ऐकतोय."

केयूरने डोक्याला हात लावला. रसिका पदर सारखा करू लागली. बुवांनी तेवढ्यात, देवाने तिसऱ्याच माणसाच्या तोंडून कौल दिला म्हणून, नारळ पायरीवर फोडलासुद्धा.

भार्गवी बसली. तिने ठरवून ठेवलेल्या तीन चिजा होत्या, दोन महिने घासलेल्या. शर्मिलांनी त्या ऐकल्या, नाट्यपद, मग इंग्रजी गाणे, मग एक साधी प्रार्थना. कुंकू बोटांना लागत होते, घामाने ओले होत होते, पट्ट्यांवर बोट घसरत होते. मिस ब्रागांझांनी हे पाहिले असते तर खडूच फेकून मारला असता. बरे झाले, खूप बरे नाही. भार्गवीला ते कळत होते. चौकोनातल्या उजवीकडच्या माणसाने काहीतरी लिहिले आणि पेन ठेवले.

"आता एक करा," शर्मिला म्हणाल्या. "तयार नसलेलं. मघाशी सासरे म्हणाले ते गा."

"गाऱ्हाणं?"

"हो. पण आमच्या नाटकातली बाई गाईल तसं. वय बदलत."

भार्गवीने हात पट्ट्यांवर ठेवले. मग डाव्या हाताने खालचा एक स्वर दाबला आणि धरून ठेवला. गिरणीच्या घुमण्याइतका खालचा. त्यावर ती लहान मुलीच्या आवाजात, काही न ठरवता, बा देवा म्हाराजा म्हणाली. उजव्या हाताने अजून काही नाही. मग एकेक स्वर, चर्चमधल्या घंटेसारखा लांब लांब, आणि तेच शब्द आता जड होऊन, चार आवाजांत गायल्यासारखे, व्हय म्हाराजा हे आमेनसारखे खाली उतरले. विमलाबाईंनी नकळत हात जोडले. तेवढ्यात डावा हात चालायला लागला. तो हॉटेलच्या लॉबीतला हात होता, ऐकणाऱ्याचे पाय हलवणारा, आणि भार्गवी दोन तृतीयेची एक केल्यान हे असे काही लाडात, खांदा उडवत, ओढून ओढून गायली की शर्मिलांच्या शेजारचा माणूस खुर्चीत पुढे झाला. दोन तृतीयेची. एक केल्यान. बुवा लाजून लाल झाले.

आणि मग ती बुवांकडे वळली. न थांबता, डाव्या हाताने ठेका धरून, तिने मानेनेच त्यांना बोलावले, डबलबारीत बोलवायची तशी.

बुवांनी एक क्षण पाटाकडे बघितले. मग पखवाज उचलला. हार काढायचेही सुचले नाही. थाप पडली तशा पाकळ्या उडाल्या. केयूरने झांजांमधला रुमाल ओढला. रसिकाला काही येत नव्हते म्हणून तिने खवणी उचलली आणि कोयत्याच्या मुठीने तीच वाजवू लागली, आणि बाबांनी मान डोलावली तेव्हा ठेका सोडून एकदा उगाचच जोरात वाजवली. माझो आवाज घेवचो तर घे म्हाराजा. गजर चढत गेला. बुवा वरच्या सुरात गेले, तिथे त्यांचा आवाज फाटला, आणि भार्गवीने तो फाटलेला सूर खालून आपल्या गळ्यात धरला आणि वर नेला, अकराव्या वर्षी चाल नेली होती त्याहून दोन स्वर वर. पाटावरच्या हत्यारांतले हाताला लागेल ते उचलले गेले होते. लाल पेन राहिले होते. विमलाबाईंनी तेही उचलून हवेत ताल धरला.

संपले तेव्हा मोबाइलच्या चौकोनात तिघेही उभे होते.

शर्मिलांनी इतरांकडे बघितले, इतरांनी त्यांच्याकडे. खरे तर संध्याकाळी कळवायची पद्धत आहे, त्या म्हणाल्या, पण आता ते ढोंग होईल. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तालमीला या. मग केयूरला विचारले, ती खवणी वाजवणारी कोण.

पुढचा अर्धा तास कुणी काय बोलले ते कुणालाच नीट सांगता आले नसते. बुवा आवाज आहे की गेला हे बघायला परसात जाऊन दोनदा ओरडून आले. आहे, म्हणाले, अजून तरी आहे. रसिकाने जाहीर केले की महिन्यातून दोन शनिवार-रविवार ओवीला ठाण्याला आणायचे, तिथून तालीम तासाभरावर, आणि ह्यात कुणी बोलायचे नाही. विमलाबाई तिला वेळापत्रक लिहून देऊ लागल्या, लाल पेनाने. आपण सकाळपर्यंत कुठल्या पक्षात होतो हे रसिकाला आठवत नव्हते, आणि आठवण करून देण्याइतका वेडा कुणी त्या घरात नव्हता. केयूर बायकोजवळ आला. तिच्या नखांवरचे कुंकू त्याने आपल्या शर्टाला पुसून घेतले, एकेक बोट.

भार्गवी अंगणात आली. माडांवरून वारा येत होता. ओवी तुळशीच्या कडेला उभी होती. भार्गवीने तिला उचलले आणि गरगर फिरवले, एकदा, दोनदा, परकर छत्रीसारखा उघडला, तिने आणखी फिरवले. ती हसत होती, मोठ्याने, शेजारपाजार ऐकेल असे. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

ओवीने आईचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि थांबवला. अगदी जवळून, नाकाला नाक लावून, तिने बराच वेळ बघितले.

"आई," ती म्हणाली, "तू एवढा हसतंस ता जातलंस म्हणान, की मी हंय आसंय म्हणान?"